आमची ट्रिप 'ट्रिप' झाली

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी पाच मिनिटं उभे राहून बघा. हल्ली दर तिसरा माणूस ताडोब्याहून आलेला असतो. आधी लोणावळा होतं, मग गोवा झालं, आता वाघ. आणि नुसता वाघ नाही हं, वाघ प्लस जकुझी! सकाळी कुडकुडत जिप्सीत फिरायचं, दुपारी बुफेवर तुटून पडायचं आणि संध्याकाळी डेकवरच्या गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडून वाघाचे फोटो ग्रुपवर टाकायचे. पॅकेजचा सगळा फंडा एवढाच.

गेल्या डिसेंबरात मलाही हा फंडा अनुभवायचा चान्स मिळाला. एका मासिकाला 'विंटर गेटवे' छापाचा लेख हवा होता. माझी रूममेट आयटीतली, तिच्या सुट्ट्या लॅप्स होणार होत्या. मोहर्ली गेटपासून थोड्या अंतरावरचा एक रिसॉर्ट ठरला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही रिसॉर्टमध्ये होऊ शकतं. वरून माझं आजोळ सिंदेवाहीकडचं. म्हणजे याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. लेख झाला की मामाकडे दोन दिवस धानाच्या वासात लोळायचं, असा माझा छुपा अजेंडा होता.

संध्याकाळी साडेसहाला टब भरला. बटण दाबलं, बुडबुडे सुरू झाले, पाणी कोमट व्हायला लागलं. रूममेटने एक पाय आत टाकला आणि... टक्! बुडबुडे बंद, डेकवरचा दिवा बंद, सगळं गार. हाऊसकीपिंगचा मुलगा धावत आला, कॉटेजच्या मागचा डबा उघडून खटका वर केला. सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा टक्! तिसऱ्यांदा तो मुलगा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आमच्यापेक्षा जास्त टेन्शन होतं.

रूममेट टॉवेल गुंडाळून भडकली होती. तिचा मुद्दा तसा बिनतोड. इथून काही किलोमीटरवर चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, क्षमता २,९२० मेगावॅट. ज्या इरई धरणाच्या काठाने आम्ही आलो, त्याचं पाणी त्या केंद्राला जातं. भद्रावतीजवळून आणि चंद्रपुरातून निघणाऱ्या मोठाल्या लाइन्स वीज कुठल्या कुठे नेतात, एक तर थेट मुंबईजवळ पडघ्यापर्यंत. "अख्ख्या महाराष्ट्राला लाइट पुरवणाऱ्या जिल्ह्यात मला एक टब गरम करून मिळत नाही?" असं ती मॅनेजरला फोनवर म्हणाली. मॅनेजरने "मॅडम, पाच मिनिटांत माणूस पाठवतो" असं सांगितलं आणि पाऊण तासाने वायरमन आला.

पन्नाशीचा माणूस. कानटोपी, खाकी स्वेटर, हातात टेस्टर आणि एक जुना मेगर. शेजारच्याच गावचा. आल्या आल्या त्याने खटका वर केला नाही. आधी विचारलं, "ताई, चालू केल्या केल्या पडते, का गरम झाल्यावर पडते?"

हा प्रश्न मला जाम आवडला. आपण डॉक्टरकडे गेलो की तो आधी विचारतो ना, ताप कधी येतो, रात्री की दुपारी? तसंच. दहा मिनिटांनी पडतो म्हटल्यावर तो मान हलवत डब्यापाशी बसला. मीही मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी बसले. जकुझीवर लिहायला आले होते आणि जकुझीत बसणं तर होत नव्हतं.

डब्यात दोन जातींचे खटके होते. बारीक, ओळीने लावलेले ते एमसीबी. त्यांच्या शेजारी एक जाडजूड, ज्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण. तो आरसीसीबी. आपल्या घरीही असतो, जुनी माणसं त्याला ईएलसीबी म्हणतात, आणि बाकीचे सगळे दोन्हींना सरसकट 'ट्रिपर' म्हणून मोकळे होतात. आमचा पडत होता तो हा जाडजूड.

"फरक काय दोघांत?" मी विचारलं.

"हे बारके हायेत ना, हे फक्त गर्दी पाहतेत. तारेतून लय करंट गेला, तार तापली, का पडले. हा मोठा गर्दी नाही पाहत. हा मोजते." मग जरा विचार करून त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "गेटवर कसं, सकारी जेवढ्या जिप्स्या आत गेल्या तेवढ्याच बाहेर आल्या का, वही पाहून मोजतेत का नाही? एक जरी कमी असली त सारे कामाले लागतेत. तसाच हा. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला पायजे. कमी आला, म्हंजे मधातच कुठं तरी उतरला. हा लगेच गेट बंद करते."

मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला कुणी इतकं स्वच्छ काही समजावलं नव्हतं, राव.

नंतर मी वाचून बघितलं, त्याचं गणित तंतोतंत होतं. टबाचा हीटर साधारण तीन किलोवॅटचा धरा. म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. घरातल्या आणि बाथरूमच्या आरसीसीबीची मर्यादा असते ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर. १३ अँपिअरच्या गर्दीत दर हजारी दोन-सव्वादोन एवढीच गळती. एमसीबीला ती कळणारही नाही. त्याचा जन्म तार जळू नये म्हणून झालाय. आरसीसीबीचा जन्म माणूस जळू नये म्हणून. आतल्या एका लोखंडी कड्यातून जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा ओवलेल्या असतात. दोन्हींतला करंट सारखा असला की त्यांचा परिणाम एकमेकांना मारतो. फरक पडला की कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि खटका पडतो. ३०० मिलिसेकंदांच्या आत. गळती मोठी असेल तर त्याहूनही झटपट.

आता ३० हाच आकडा का? दहा-बारा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. तिसाच्या पुढे श्वासाचे वांधे. पन्नास-शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध घसरून हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले हजार. तुम्हीच करा हिशेब. आणि टबात बसलेला माणूस ओला नाही तर काय असतो!

म्हणूनच या खटक्याचा आणि पाण्याचा संबंध फार जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल हे प्राध्यापक वर्षानुवर्षं करंटचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होते. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकेतला असा गळती पकडणारा खटका तयार केला. तिथल्या विद्युत नियमावलीत १९६८ मध्ये तो आला, तोही पोहण्याच्या तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांसाठी. गंमत म्हणजे त्याच साली, त्याच कॅलिफोर्नियात, रॉय जकुझी यांनी बाजारात बुडबुड्यांचा टब आणला. त्यांच्या घराण्याचा आधीचा धंदा माहितीये? शेतातल्या विहिरींचे पंप! संधिवाताने आजारी असलेल्या घरातल्या एका मुलासाठी त्यांनी बाथटबात बुडवायचा छोटा पंप बनवला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे आपण ज्याला लक्झरी म्हणतो ते शेतीपंपाचं भावंडं आहे. हे मामाला सांगायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

इकडे वायरमनकाकांचं काम चालू होतं. त्यांनी टबाखालची फळी काढली. पंप, ब्लोअर, हीटर यांच्या तारा एकेक करून सोडवल्या. आधी नुसता पंप लावला, ठीक. मग ब्लोअर जोडला, ठीक. हीटर लावला आणि आम्ही तिघं त्या डब्याकडे बघत बसलो, जसं सकाळी पाणवठ्यावर वाघाची वाट बघत बसलो होतो. नवव्या मिनिटाला टक्!

"सापडला," काका म्हणाले. वाघ दिसल्यावर आमचा गाइडही याच आवाजात बोलला होता.

हीटरची कांडी बाहेर आली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा हा जाड थर. बोअरचं जड पाणी. आत नायक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली आणि बाहेर धातूची नळी. क्षार चढला की ती नळी उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही, जास्त तापते, बारीक चीर जाते. गार असताना चीर मिटलेली. गरम झाली की उघडते, आत ओल शिरते, आणि ही पावडर ओल पकडण्यात पटाईत. झाली गळती सुरू. म्हणून दहा मिनिटं. पावसाळ्यात कोअरच्या सफारी बंद असतात, तेव्हा रिसॉर्टचे टबही महिनोन्‌महिने कोरडे पडून राहतात, तेव्हाही कांडी ओल धरते. काकांचं म्हणणं असं की दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना सगळ्यात जास्त फोन येतात. आणि उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. एमसीबीतली पट्टी तापमानावर चालते, तिचं गणित ३० अंशांचं असतं. चंद्रपूरचा मे महिना ४७-४८ ला जातो आणि डबा असतो पश्चिमेच्या भिंतीवर. मग काहीही बिघाड नसताना बारके खटके पडायला लागतात. तेव्हा डब्यावर सावली करायची, बस.

तेवढ्यात मॅनेजर आले. पॉलिश्ड माणूस. कांडी बदलायला नागपूरहून पार्ट येईल, दोन दिवस लागतील, हे ऐकल्यावर त्यांनी काकांना बाजूला घेतलं. फार बाजूला नाही, मला ऐकू येत होतं. "अहो, आजच्या पुरतं डायरेक्ट करून टाका ना. एमसीबी आहेच की. उद्या गेस्ट चेकआउट करतायत."

डायरेक्ट म्हणजे आरसीसीबी वगळून सरळ जोडणी. मग खटका पडणार नाही. पाणी छान गरम होईल. बुडबुडे येतील. आणि ती गळती पाण्यात उतरत राहील. अर्थिंग उत्तम असेल तर निभावेल. नसेल तर टबातल्या माणसातून वाट काढेल.

काका म्हणाले, "नाही जी."

मॅनेजर हसले, पुन्हा समजावलं. रेटिंग, रिव्ह्यू वगैरे.

"दुसऱ्या कोनाले बोलवा साहेब. माझ्याच्यानं नाही होत."

रोजंदारीवर बोलावला जाणारा माणूस सीझनमध्ये मॅनेजरला नाही म्हणतो, ही साधी गोष्ट नाही. मॅनेजर गेल्यावर मी विचारलं, एवढं ठाम का? त्यांनी स्क्रू आवळता आवळताच सांगितलं. त्यांचा साळा. चार वर्षांपूर्वी पहाटे शेताकडे गेला. दुसऱ्याच्या बांधावर डुकरांसाठी तार लावलेली होती. "सकारी सापडला. पाय चिखलात, हात तारेले. अख्खी रात्र करंट चालूच होता. लोकं मले विचारत, तू वायरमन हायेस, सांग, फ्यूज कसा नाही उडाला? कसा उडन जी? तिथं मोजनारा कोनी नव्हता."

रूममेटने काही न बोलता टॉवेल आवळला आणि आत जाऊन चहा करून आणला. टब त्या रात्री गारच राहिला. पंप आणि ब्लोअर चालत होते, त्यामुळे हवं तर डिसेंबरात बर्फासारख्या पाण्यात बुडबुडे घेता आले असते. ती ऑफर आम्ही नाकारली.

शहरात बसून आपल्याला हे तारेचं प्रकरण बातमीतल्या दोन ओळींएवढं माहीत असतं. विजेच्या खांबावरून आकडा टाकायचा किंवा मोटारीच्या पेटीतून वायर काढायची, आणि बांधाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर नागडी तार फिरवायची. त्या लाइनचं रक्षण कोण करतं? डीपीवरचा फ्यूज. तो दहा-वीस शेतीपंपांचा भार पेलायचा म्हणून बसवलेला, आणि बऱ्याच ठिकाणी किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी सरळ जाड तार पिळलेली. ओल्या बांधीत उभ्या असलेल्या जनावरातून किंवा माणसातून पाव अँपिअर जमिनीत उतरतो. जीव घ्यायला पुष्कळ. फ्यूजच्या दृष्टीने मात्र तो किरकोळ, एखाद्या छोट्या बल्बाएवढा. त्याने उडावं तरी कशासाठी? गर्दी नाही, मोजणी नाही. तार चालूच राहते.

एप्रिल २०१७ मध्ये याच जिल्ह्यात नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा मुलगा, गळ्यात रेडिओ कॉलर. कॉलर सापडली, मग शेतात पुरलेला वाघ सापडला. डुकरांसाठी सोडलेला करंट. त्याच वर्षी ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण होती. तिने माणसं मारली म्हणून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शूटर मागे लागले. शेवटी ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या तारेने तिला मारलं. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप फिरतोय. तिथे तर तारेत काय अडकू शकतं याचा विचारही नको. वाघ मेला की नॅशनल न्यूज होते. काकांच्या साळ्यासारखे लोक जिल्हा पुरवणीत जातात.

दोन दिवसांनी मी मामाकडे पोचले. धान कापून झालं होतं, खळ्यावर पुंजणे उभे होते. हा सगळा पट्टा धानाचा. एचएमटी तांदळाचं वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेडचेच. मामीच्या हातचा गरम भात, वर पोपटाच्या शेंगांची भाजी. जकुझीवाली शेतीपंपांची गोष्ट मी मामाला सांगितली. मामा खूप हसला. म्हणाला, "मग आपल्या विहिरीवरची मोटार टबातच टाकतो, तुह्यासाठी."

मग कोठ्यात झाडू आणायला गेले आणि दाराआड ते दिसलं. जीआय तारेचं कोरं भेंडोळं. सोबत बांबूच्या हातभर खुंट्या, टोकं तासलेल्या. बाजूला वायर.

"मामा, हे कशाला आणलंय?"

मामा गप्प. उत्तर मामीने दिलं. आश्विनात दाणा दुधात असताना डुकरांनी तीन रात्रींत दीड एकर लोळवला. वनविभागाची भरपाई मिळते, पण पंचनामा, सातबारा, चकरा, आणि हातात येते ती रक्कम लोळलेल्या धानाशी काही जुळत नाही. मामा दीड महिना मचाणावर झोपला, डबा वाजवत. साठीच्या माणसाने थंडीत किती रात्री डबा वाजवायचा? एका रात्री बांधावर बिबट्या दिसला, तेव्हापासून मामीला झोप नव्हती. "मीच म्हटलं त्याईले, आना तार," मामी म्हणाली. "मी काय करू, सांग."

मी काय सांगणार होते? माझं एका लेखाचं मानधन मामाच्या त्या दीड एकरापेक्षा आधी बुडत नाही, एवढाच माझा अनुभव. कायदा सांगून झाला. वीजचोरीचा गुन्हा, वन्यजीव कायदा, माणूस गेला तर सदोष मनुष्यवध. मामाला हे सगळं माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मग मी त्याला काकांची जिप्सी आणि गेटची गोष्ट सांगितली. आणि शेवटी साळ्याचीही. मामाने मधेच थांबवून गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्या बांधावरून सकारी पोरं शाळेत जातेत."

झटका मशीन हा पर्याय आहे, आणि त्याचा फरक समजून घेण्यासारखा आहे. त्यातही व्होल्ट भरपूर असतात, काही हजार. पण करंट अखंड नसतो. सौर प्लेटवर चार्ज होणारी बॅटरी साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा ठोका देते. डुकराला सणसणीत चटका बसतो आणि मधल्या उसंतीत ते मागे उडी मारतं. मेन लाइनच्या तारेत ती उसंतच नसते, स्नायू आखडतात आणि धरलेलं सुटत नाही. सौर कुंपणासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानही आहे. पण मशीन आधी घ्यायची की अनुदान आधी यायचं, यादीत आपलं गाव आहे का, तारेखालचं गवत कोण कापत राहणार, बॅटरी चोरीला गेली तर काय... मामाचे प्रश्न माझ्या गूगलच्या पलीकडचे होते. आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरला. आधारची झेरॉक्स काढायला सिंदेवाहीला गेलो, तिथे लाइट गेलेली. हे आपलं जाता जाता.

लेख मी लिहिला, सांगितला होता तसा. वाघ, बुफे, डेकवरून दिसणारे तारे. टबाच्या चौकटीत एवढंच छापलं की बुकिंग करताना आरसीसीबी आहे का विचारा, आणि पोचल्यावर त्याचं 'टी' बटण एकदा दाबून बघा. दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर टबात उतरू नका. एडिटरने विचारलं, लाइफस्टाइलच्या पानावर हे जरा जास्तच टेक्निकल होत नाहीये का? राहू दिलं शेवटी.

फेब्रुवारीत मामाचा फोन आला. अर्ज अजून 'प्रक्रियेत' आहे. पण त्याने आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी मिळून एक मशीन उधारीवर आणायचं ठरवलंय, आणि त्याला विचारायचं होतं, की ढगाळ हवेत बॅटरी किती रात्री टिकते. मी त्याला काकांचा नंबर दिला. आणि तार? मामीने त्यातला एक तुकडा तोडून अंगणात कपडे वाळत घालायला बांधलाय. उरलेलं भेंडोळं कोठ्यातच आहे.